प्रवासासाठी हलका ट्रायपॉड कसा निवडावा : कोल्हापूर परिसरात छायाचित्रण करणाऱ्या नवोदितांसाठी

ट्रायपॉड घ्यायचा म्हटले की बहुतेक नवोदित आधी वजन पाहतात आणि मग किंमत. हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेतच, परंतु ट्रायपॉडचे काम एकच असते : शटर उघडे असेपर्यंत कॅमेरा तसूभरही हलू न देणे. वजन कमी करताना हे काम नेमके कोठे बिघडते, हे ज्याला समजले त्याला दुकानातल्या दहा ट्रायपॉडांमधून आपल्या उपयोगाचा एक ओळखता येतो. पावसाळी वाऱ्यात पन्हाळ्याच्या तटावर, राऊतवाडीच्या ओल्या खडकांवर आणि रंकाळ्याच्या काठावर वापरायचा ट्रायपॉड खांद्यावर जड वाटता कामा नये आणि कॅमेऱ्याखाली डगमगताही कामा नये. या दोन अटींचा मेळ घालण्यासाठी कोणत्या क्रमाने विचार करावा, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : गरज आहे का, ते ठरवा

अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते. रंकाळ्यावर सूर्य अजून पाण्याच्या वर असताना प्रकाश भरपूर असतो, शटरचा वेग सहज १/२५० सेकंदापर्यंत ठेवता येतो आणि हातात धरलेला कॅमेराही स्पष्ट छायाचित्र देतो. सूर्य मावळून वीस-पंचवीस मिनिटे झाली, आकाश गडद निळे झाले आणि काठावरचे दिवे पाण्यात उतरले, की चित्र बदलते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, १०० ठेवायची आणि छिद्रमान, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ ठेवायचे, तर शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेथे हाताचा इलाज चालत नाही. धबधब्याचे पाणी रेशमी दिसावे म्हणून अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतचे एक्स्पोजर, दाजीपूरकडच्या अंधाऱ्या आकाशातील तारे, एकमेकांना जोडायची विस्तीर्ण दृश्ये आणि स्थिर चौकटीतील व्हिडिओ ही ट्रायपॉडची खरी कामे आहेत. तारे रेषांसारखे न लांबता टिपायचे तर शटर जास्तीत जास्त किती सेकंद उघडे ठेवावे, यासाठी ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर मि.मी.मध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागण्याचा ठोकताळा प्रचलित आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २० मि.मी.ची लेन्स असेल तर २५ सेकंद मिळतात, आणि त्या २५ सेकंदांत ट्रायपॉडला जरासुद्धा धक्का लागून चालत नाही.

याउलट जोतिबाची चैत्र यात्रा किंवा दसरा चौकातील शाही दसरा यांसारख्या गर्दीत ट्रायपॉड नेऊच नये. तेथे तीन पाय पसरायला जागा नसते, कोणाचा तरी पाय अडकतो, आणि तिथली छायाचित्रे वेगाने हालणाऱ्या माणसांची असल्यामुळे ट्रायपॉडचा उपयोगही नसतो. आपली बहुतांश छायाचित्रे अशीच असतील, तर पैसे चांगल्या लेन्ससाठी राखून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : आपल्या सामानाचे वजन करा

घरातील वजनकाट्यावर कॅमेरा, बॅटरी, कार्ड आणि आपल्याकडची सर्वांत जड लेन्स एकत्र ठेवून वजन लिहून घ्यावे. सुरुवातीचा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्ससह साधारण ७०० ग्रॅमच्या आसपास भरतो, तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ७०-२०० एफ/२.८ सारखी लेन्स लावली की वजन दोन किलोंच्या पुढे जाते. या दोघांसाठी एकच ट्रायपॉड सुचवणे योग्य नाही.

खोक्यावर ‘भारक्षमता ८ किलो’ असे छापलेले असते. हा आकडा मोजण्याची सर्व कंपन्यांना बांधणारी एकच पद्धत नाही, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. शिवाय तेवढ्या वजनाखाली ट्रायपॉड मोडत नाही किंवा हेड, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा वरचा भाग, घसरत नाही, एवढेच त्यातून कळते. कॅमेरा किती स्थिर राहील हे कळत नाही. आपल्या सामानाच्या किमान तिप्पट क्षमता छापलेली असावी, एवढ्यापुरताच त्या आकड्याचा उपयोग करावा आणि पुढे पायांकडे वळावे.

तिसरी पायरी : पायांची जाडी पाहा

सगळा कस येथे लागतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे.

प्रवासी ट्रायपॉडचा प्रत्येक पाय एकात एक बसणाऱ्या चार किंवा पाच नळ्यांचा असतो. नळ्या जितक्या जास्त, तितका घडी घातलेला ट्रायपॉड आखूड. पण प्रत्येक नळी तिच्या बाहेरच्या नळीत सरकण्यासाठी तीनेक मिलिमीटरने बारीक असावीच लागते. समजा, वरची नळी २५ मि.मी.ची आहे आणि पाय चार नळ्यांचा आहे, तर खालच्या नळ्या साधारण २२, १९ आणि १६ मि.मी.च्या येतात. वरची नळी २२ मि.मी.ची आणि पाय पाच नळ्यांचा असेल, तर सर्वांत खालची नळी जेमतेम १० मि.मी.ची उरते. सारख्याच जाडीच्या भिंतीची पोकळ नळी वाकायला किती विरोध करते, हे ढोबळमानाने तिच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. म्हणजेच १६ मि.मी.ची नळी १० मि.मी.च्या नळीपेक्षा सुमारे चौपट ताठ असते. दोन्ही ट्रायपॉडांच्या वजनातला फरक मात्र दोन-तीनशे ग्रॅमच असू शकतो.

म्हणून खरेदीच्या वेळी वरच्या नळीची जाडी न विचारता सर्वांत खालच्या नळीची विचारावी. विक्रेत्याला ती सांगता आली नाही, तर खिशातली छोटी मोजपट्टी लावून पाहावी. एक किलोच्या आतबाहेरच्या कॅमेऱ्यासाठी खालची नळी १४ ते १६ मि.मी. असेल तर निश्चिंत राहावे, १० मि.मी.च्या नळीवर वाऱ्यात भरवसा ठेवता येत नाही. नवोदितांनी पाच नळ्यांच्या मोहात न पडता चार नळ्यांचा ट्रायपॉड घ्यावा. घडीची लांबी चार-पाच सेंटिमीटरने वाढते, पण सॅकच्या बाजूच्या कप्प्यात तो तरीही बसतो.

घडीची लांबी कमी करण्याचा दुसरा चांगला मार्ग म्हणजे पाय १८० अंशांत वर उलटून हेडभोवती मिटणारी रचना. बहुतेक प्रवासी ट्रायपॉडांमध्ये आता ती असते आणि त्यामुळे घडी ४० सें.मी.च्या आसपास येते. एवढा ट्रायपॉड एस.टी.च्या वरच्या फळीवर किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थवर उशाशी सहज मावतो. विमानाने जाताना तो चेक-इन बॅगेत टाकलेला बरा. हातातील बॅगेची मर्यादा देशांतर्गत उड्डाणांत सहसा ७ किलोच असते आणि सुरक्षा तपासणीत अडण्याचा प्रश्नही उरत नाही.

चौथी पायरी : उंचीचा हिशेब करा

जाहिरातीतील ‘कमाल उंची’ ही मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, पूर्ण वर ओढून मोजलेली असते. आपल्याला हवी असते ती दांडा खाली असतानाची उंची, कारण दांडा वर काढला की तीन पायांचा आधार संपतो आणि कॅमेरा एकाच बारीक नळीच्या टोकावर उभा राहतो. उदाहरणार्थ, पीक डिझाइनच्या ट्रॅव्हल ट्रायपॉडची कमाल उंची सुमारे १५२ सें.मी. आहे, पण दांडा खाली ठेवला की ती सुमारे १३० सें.मी. राहते. हा त्या ट्रायपॉडचा दोष नव्हे. सगळ्याच प्रवासी ट्रायपॉडांत असा फरक असतो आणि तो ओळखून खरेदी करावी.

हिशेब सोपा आहे. आपली उंची ५ फूट ६ इंच, म्हणजे १६८ सें.मी. असेल, तर डोळे साधारण १५७ सें.मी.वर असतात. कॅमेऱ्याच्या तळापासून त्याचा व्ह्यूफाइंडर आठ-नऊ सें.मी. वर असतो आणि बॉल हेडची उंची तेवढीच असते. हे दोन्ही वजा केले, की पायांची उंची १४० सें.मी.च्या आसपास हवी, असे उत्तर येते. कॅमेऱ्याचा पडदा वर वळत असेल तर १२५ ते १३० सें.मी. पुरे, कारण व्ह्यूफाइंडरला डोळा लावण्याची गरजच राहत नाही. मात्र जोतिबाच्या डोंगरउतारावर एक पाय खालच्या बाजूला लांबवावा लागतो आणि तेथे ही उंची लगेच अपुरी पडते, याचा विचार डोंगरात भटकणाऱ्यांनी करावा.

उंचीइतकाच खालचा पल्लाही पाहावा. मसाई पठारावर पावसाळ्याच्या शेवटी रानफुले फुलतात. ती बोटभर उंचीची असतात. पायांचे कोन दोन-तीन टप्प्यांत बदलता येत असतील आणि मधला दांडा आखूड करता येत असेल किंवा काढता येत असेल, तर कॅमेरा जमिनीपासून वीतभर अंतरावर आणता येतो.

पाचवी पायरी : ॲल्युमिनियम की कार्बन फायबर

कार्बन फायबर हलके असते, ताठ असते आणि कंप लवकर शमवते. ॲल्युमिनियम स्वस्त असते आणि आपटले तर पोचा पडतो, पण सहसा तुटत नाही; कार्बनची नळी धारदार खडकावर जोरात आपटली तर तडकू शकते. वजनातील फरक किती असतो, हे मॅनफ्रोटोच्या बीफ्री ॲडव्हान्स्डवरून लक्षात येते : ॲल्युमिनियमचा सुमारे दीड किलोचा, तर कार्बनचा सुमारे सव्वा किलोचा. या पाव किलोसाठी बऱ्याचदा दीडपट ते दुप्पट पैसे मोजावे लागतात.

पन्हाळा ते पावनखिंड अशी पायपीट दरवर्षी करणाऱ्यांना हा पाव किलो नक्की जाणवेल. गाडीने पन्हाळ्यावर जाऊन पाच-दहा मिनिटे चालणाऱ्यांना तो जाणवणार नाही. पहिला ट्रायपॉड ॲल्युमिनियमचाच घ्यावा, पण जाड पायांचा घ्यावा. त्याच किमतीत मिळणारा बारीक पायांचा कार्बनचा ट्रायपॉड वजनाला हलका आणि कामाला कमजोर ठरतो.

सहावी पायरी : हेड आणि प्लेट

प्रवासासाठी बॉल हेड सोयीचे असते. एक गाठ सैल केली की कॅमेरा हव्या त्या दिशेला वळतो. व्हिडिओच जास्त करायचा असेल तर दांडीचे हेड बरे, पण ते जड असते आणि बॅगेत अडचण करते. बॉल हेडवर तीन गोष्टी असाव्यात : मुख्य लॉक, घर्षण कमी-जास्त करण्याची सोय आणि तळाशी फिरण्यासाठी वेगळे लॉक. तिसरे नसेल तर विस्तीर्ण दृश्यासाठी कॅमेरा आडवा फिरवताना क्षितिज दरवेळी वाकडे होते.

प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, आर्का-स्विस पद्धतीची असावी. हिची रुंदी सुमारे ३८ मि.मी. असते आणि अनेक कंपन्यांच्या प्लेटा व हेड एकमेकांना चालतात, त्यामुळे एक प्लेट हरवली तरी दुसरी सहज मिळते. कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू १/४ इंची असतो आणि हेड ज्यावर बसते तो बहुधा ३/८ इंची असतो. हेड सुटे करता येत असेल तर पुढे पाय तेच ठेवून हेड बदलता येते. अगदी स्वस्त ट्रायपॉडांत हेड कायमचे जोडलेले असते, ते टाळावेत.

सातवी पायरी : लॉक आणि पायाची टोके

पिळून लावायची लॉक सुटसुटीत असतात आणि पाव फेऱ्यात उघडतात. खटक्याची लॉक लागली की नाही हे डोळ्यांना दिसते, पण ती कालांतराने सैल होतात आणि ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) आवळावी लागतात. दोन्ही चांगली आहेत. हाताला जे सोपे वाटेल ते घ्यावे. रबरी टोके फरशीवर आणि कातळावर उत्तम धरतात. टोके बदलून लोखंडी अणी लावता येत असतील, तर पावसाळ्यातील निसरड्या मातीत त्यांचा फार उपयोग होतो, मात्र मंदिरांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी बांधकामावर अणी कधीही टेकवू नयेत.

आठवी पायरी : दुकानात घ्यायची परीक्षा

ऑनलाइन मागवण्याआधी शक्य असेल तर शहरातील छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात जाऊन ट्रायपॉड हाताळावा, आणि जाताना आपला कॅमेरा व सर्वांत लांब लेन्स सोबत न्यावी.

सगळे पाय पूर्ण उघडून मधला दांडा खाली ठेवावा. तीन पाय जेथे एकत्र येतात, तो भाग दोन्ही हातांनी खाली दाबावा. एकही नळी आत सरकता कामा नये. मग तोच भाग पकडून डावी-उजवीकडे पिळून पाहावा. थोडा ताण जाणवणे साहजिक आहे, पण सांध्यात खटखट खेळ असेल तर तो ट्रायपॉड बाजूला ठेवावा.

आता कॅमेरा बसवून लेन्स तिच्या सर्वांत लांब फोकल लेंग्थवर न्यावी आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या अक्षरावर फोकस करावा. पडद्यावरील दृश्य दहा पट मोठे करावे. कॅमेऱ्यातील आणि लेन्समधील कंप सावरणारी यंत्रणा बंद करावी, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल. लेन्सच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारावी. पडद्यावरील अक्षर थरथरेल. ते पुन्हा स्थिर व्हायला किती वेळ लागतो, ते मनात एक-दोन-तीन म्हणत मोजावे. एक-दीड सेकंदात शांत झाले तर ट्रायपॉड उत्तम. तीन सेकंदांनंतरही अक्षर डुलतच असेल, तर दोन सेकंदांचा टायमर लावूनही या ट्रायपॉडवर स्पष्ट छायाचित्र मिळणार नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. शेवटी कॅमेरा उभ्या चौकटीसाठी आडवा पाडून हेड आवळावे आणि हात सोडावा. आवळल्यानंतर दृश्य खाली घसरत असेल तर हेड कमजोर आहे. हीच परीक्षा शेजारच्या दुसऱ्या ट्रायपॉडवर लगेच घ्यावी. दोघांमधला फरक नवोदितालाही एका नजरेत दिसतो.

घरपोच मागवला असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा घरीच घ्यावी.

नववी पायरी : वाऱ्यात उभा कसा करावा

हलका ट्रायपॉड चांगला असला, तरी तो नीट उभा करण्याची जबाबदारी आपलीच असते. पन्हाळ्यावरील सज्जा कोठीच्या बाजूला दरीतून वारा थेट वर येतो. अशा जागी एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवावा, म्हणजे कॅमेरा पुढे कलंडत नाही. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक चढाच्या बाजूला असावा. पाय लांब करताना आधी वरच्या जाड नळ्या उघडाव्यात. खालची बारीक नळी गरज पडली तरच बाहेर काढावी. कमरेएवढ्या उंचीवरून दृश्य तेवढेच चांगले मिळत असेल तर उंची वाढवूच नये.

कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण वाऱ्यात फडफडणारा पट्टा प्रत्येक झुळकीला कॅमेरा हलवतो. मधल्या दांड्याच्या तळाशी असलेल्या आकड्याला बॅग अडकवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो योग्य आहे, पण बॅग हवेत लोंबकळत ठेवली तर ती झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. बॅगेचा तळ जमिनीला टेकलेला राहील एवढीच ती खाली सोडावी. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा, आणि झुळूक ओसरण्याची वाट पाहावी. पन्हाळ्यावर वारा सलग वाहत नाही, लाटांसारखा येतो. दोन लाटांच्या मधले काही क्षण आपल्या कामाचे असतात.

दहावी पायरी : परवानगी

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडप, त्याचे वर्तुळाकार उघडे छत आणि त्याखालची खांबांची रांग हा ट्रायपॉडसाठी अत्यंत मोहाचा विषय आहे. परंतु केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांमध्ये ट्रायपॉड लावण्यासाठी सहसा आगाऊ परवानगी लागते. पन्हाळा २०२५ पासून ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे, तेव्हा तेथील संरक्षित वास्तूंमध्येही आधी विचारावे. अंबाबाईच्या मंदिरात तर ट्रायपॉडचा विचारच करू नये. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई आहे आणि तिचा मान राखावा. राधानगरी अभयारण्यात वनखात्याने आखून दिलेल्या जागांपलीकडे ट्रायपॉड घेऊन उतरू नये, कारण ते गव्यांचे रान आहे.

देखभाल

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील पावसात ट्रायपॉड भिजणारच. घरी आल्यावर त्याचे सगळे पाय पूर्ण उघडून रात्रभर तसेच ठेवावेत; मिटून ठेवला तर आतल्या ओलाव्याने लॉक जाम होतात. नदीकाठी वापरला असेल तर वाळूचे कण आधी कोरड्या कापडाने पुसावेत, मगच नळ्या आत सरकवाव्यात, कारण एक कणसुद्धा लॉकच्या आतील पट्टी खरवडू शकतो. पिळायची लॉक वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर पूर्ण उघडून साफ करावीत, आणि उघडताना आतील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची जागा व दिशा मोबाइलवर छायाचित्र काढून नोंदवून ठेवावी. एका वेळी एकच पाय उघडावा, म्हणजे काही शंका आली तर जुळणी पाहायला दुसरे दोन समोर असतात. ट्रायपॉडसोबत आलेली ॲलन की घरी न ठेवता बॅगेतच ठेवावी. प्लेटचा स्क्रू आणि पायांचे वरचे बोल्ट प्रवासातल्या धक्क्यांनी सैल होतात, आणि ते घट्ट आहेत की नाही हे निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.